ब्रह्मपुत्रेची पहिली बॅच

कंपनीची टूर म्हणजे काय, हे शेतीबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं. आमच्याकडे त्याला औषधच म्हणतात. दुकानदारानं ठरल्याइतका माल उचलला आणि विकला की हंगामानंतर कंपनी त्याला फिरायला नेते. ज्या वर्षांत आमच्या भागाचं नाव रोज पेपरात यायचं, आणि ते का यायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच वर्षांत मी विमानानं तीनदा परदेशात जाऊन आलो. तिन्ही टूर फक्त पुरुषांच्या होत्या. बायको तिन्ही वेळा दुकानात बसली. मी तिच्यासाठी एकदा अत्तर आणलं, एकदा छत्री आणली, आणि तिसऱ्या वेळी विसरलो.

म्हणून त्या वर्षी आषाढात अमरावतीच्या हॉटेलात आमची बैठक झाली आणि कंपनीचे प्रतिनिधी म्हणाले की या वेळी जोडीनं यायचं आहे, तेव्हा मला आनंदापेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं. टूर नदीवरची होती. तीन रात्री बोटीतच राहायचं, बोटीतच जेवायचं. प्रत्येकाला एक रंगीत फोल्डर मिळालं. त्यात तीन मार्ग होते आणि तीन बॅच होत्या. मार्ग कोणता आणि बॅच कोणती, ते पंधरा दिवसांत कळवायचं होतं.

फोल्डर मी बायकोच्या हातात दिलं. तिनं आधी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, अगदी खालच्या बारीक अक्षरांतल्या अटींसह. मला कधी कोणी विचारलं असतं की तुझ्या बायकोला काय पाहायला आवडेल, तर मला उत्तर देता आलं नसतं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती.

तिचं माहेर तेल्हाऱ्याकडचं, खारपाण पट्ट्यातलं. तिथल्या विहिरीचं पाणी खारट. चहात दूध फाटतं, डाळ शिजत नाही, अंगाला साबण लावला तर फेस येत नाही. गोडं पाणी दोन कोसांवरून यायचं आणि ते पिण्यापुरतंच. हे सगळं मला माहीत होतं, पण त्याचा तिच्या फिरण्याशी काही संबंध असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. केरळचं पान तिनं पहिल्यांदा बाजूला ठेवलं.

"हे त समुद्राचं पानी आत आलेलं हाय. खारं पानी पाहाले एवढ्या दूर काहून जाऊ मी?"

गंगेचं पान तिनं जास्त वेळ पाहिलं, मग तेही ठेवलं. गंगेवर गेलं की प्रत्येक नातेवाइकाला बाटलीभर पाणी आणून द्यावं लागेल, सासूबाईंचं काही राहिलं असेल ते करून या म्हणून तुमची बहीण सांगेल, ते फिरणं होत नाही, ते काम होतं, असं तिचं म्हणणं. राहिली ब्रह्मपुत्रा. तिथं आमच्या नात्यातलं कोणी कधी गेलं नव्हतं. तिला तेच आवडलं.

मार्ग ठरला, पण हंगाम ठरेना. बॅच तीन होत्या: दिवाळीआधीची, जानेवारीतली आणि मार्चअखेरची. मी पहिल्यापासून जानेवारीच्या बाजूनं होतो. माझा स्वभाव घाबरट आहे. ऑक्टोबरात तिकडे पाऊस राहिला असेल तर, बोट हलली आणि तिला उलट्या झाल्या तर, आणि मुख्य म्हणजे तोवर आमचा हंगाम पुरता संपलेला नसतो. जानेवारीत कापूस घरात आलेला असतो, दुकानात माशा मारत बसायचं असतं, जीव शांत असतो. तिनं माझं ऐकून घेतलं आणि फोल्डरवरच्या नंबरावर सरळ फोन लावला. बोटीच्या ऑफिसातल्या माणसाशी ती वीस मिनिटं तिच्या हिंदीत बोलली. तो बिचारा प्रामाणिक असावा. त्यानं सांगितलं की जानेवारीत सकाळी धुकं इतकं असतं की दहा-अकरा वाजेपर्यंत बोट बांधून ठेवावी लागते. पण पाणी ओसरलेलं असतं, वाळूची बेटं उघडी पडतात, त्यावर पक्षी येतात, जनावरं दिसतात. मार्चमध्ये पाणी आणखी उतरतं, वारा सुटतो, वाळू उडते, कधी बोट तळाला घासते. ऑक्टोबरात बेटं पाण्याखालीच असतात, जनावरं फारशी दिसत नाहीत, पण नदी काठोकाठ असते. फक्त पाणीच पाहायचं असेल तर तेव्हा या, असं तो म्हणाला.

मी म्हणालो, "पाहा, जानेवारीतच मजा हाय. पक्षी, जनावरं, वाळूवर उतराले भेटन."

"रेतीच पाहाची असन त मोर्णेवर चाला ना संध्याकाळी. चालतच जाऊ."

मोर्णा म्हणजे आमच्या अकोल्याची नदी. मला हसू आलं. मग ती जे बोलली त्यावर मात्र हसता आलं नाही. ती म्हणाली की लहानपणी मला वाटायचं, मोठी झाली की भरलेली नदी पाहीन, तिच्यात हात घालीन आणि कोणी म्हणणार नाही की सांडू नको. एवढंच. मग ती स्वयंपाकघरात गेली. मी फॉर्मवर ब्रह्मपुत्रा लिहिलं आणि पहिल्या बॅचसमोर खूण केली.

त्या बॅचला एक अट होती. दिवाळीपर्यंत माल खपवला तरी इतर बॅचमध्ये जागा मिळणार होती. दिवाळीआधी जायचं तर मात्र ठरलेला सगळा माल घटस्थापनेच्या आधी खपलेला हवा होता, म्हणजे ऐन फवारणीच्या सहा-सात आठवड्यांत. ही अट बारीक अक्षरांत होती आणि बायकोनं ती वाचली असणार. पण तिच्यासाठी तो दुकानाचा हिशेब होता. त्याचा अर्थ मला कळत होता, तिला नाही. मी तो तिला सांगितला नाही. तिनं नदी निवडली, हंगाम मी निवडला. पुढं कित्येक वर्षं मी मनातल्या मनात हे उलटं सांगत आलो, म्हणून इथं नीट लिहून ठेवतो.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बेफाम वाढली होती. दोन पावसांच्या मध्ये कडक ऊन पडायचं आणि झाडं माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळीची धास्ती सगळ्या गावांत होती. आमच्या धंद्यात डॉक्टर, वैद्य, कंपाउंडर सगळं आम्हीच असतो. शेतकरी शर्टाच्या खिशातून पान काढतो, रुमालात गुंडाळलेलं बोंड काढतो, काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, काय मारू? आपण म्हणू ते तो मारतो. कृषी खात्याचा माणूस वर्षातून एकदा दिसतो. आम्ही रोज असतो.

आमच्याच रस्त्यावरच्या एका गावचे एक शेतकरी भाद्रपदात आले. चांगली काळी जमीन, विहिरीला पाणी, सावध माणूस. त्यांनी दोन बोंडं ठेवली. मी अंगठ्याच्या नखानं दोन्ही फोडली. एक स्वच्छ होतं. दुसऱ्यात केसाएवढी एक अळी होती. एक औषध पुरलं असतं. खरं तर आठ दिवस थांबा म्हणायला हवं होतं. मी दोन बाटल्या काढल्या, वर एक पुडी ठेवली आणि सांगितलं की तिन्ही एकाच पंपात मिसळा, एका पाण्यात तीन कामं होतील. बाटल्यांवर काय लिहिलंय ते मला पाठ होतं. दोन्ही एकत्र करू नयेत असंच लिहिलं होतं.

त्यांच्याबरोबर फवारणी करणारे भाई होते. त्यांना मी लहानपणापासून ओळखत होतो. ते गादीवाले. पिंजाऱ्याचं घर, तीन पिढ्या कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारं. माझ्या लग्नातली गादी त्यांनीच भरली होती. गाद्यांचं काम हिवाळ्यात असतं. पावसाळ्यात ते रोजानं फवारा मारायला जायचे. त्यांनी एका बाटलीचं झाकण उघडून वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"भाऊ, लय उग्र हाय हे. डोकं धरते."

"वासच नाई आला त काम काय करन ते, भाई?" मी म्हणालो.

ते हसले. शेतकरीही हसले. मालाबरोबर कंपनीनं हातमोजे आणि तोंडाच्या जाळीचे संच पाठवले होते. ते माळ्यावर पडून होते. उकाड्यात कोणी घालत नाही म्हणून कोणी मागत नाही, आणि कोणी मागत नाही म्हणून मी कधी खाली काढले नाहीत. संच टूरच्या मालात धरत नसत.

तिसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचे प्रतिनिधी दुकानात आले. चाळिशीकडे झुकलेला, बोलायला गोड माणूस. माझा माल जवळजवळ पूर्ण झाला होता आणि ते बोटीचा नकाशा घेऊन आले होते. कोणत्या जोडप्याला कोणती खोली, ते आजच कळवायचं होतं. त्यांनी नकाशा काउंटरवर पसरला. दोन मजले, खिडक्यांच्या रांगा, मधोमध जेवणाची जागा. मी त्यावर वाकलेला असताना भाईंच्या घरच्या, म्हणजे आमच्या भाभी, दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत एक रिकामी बाटली.

भाई सकाळी शेतातच पडले होते. तोंडाला फेस, डोळ्यांना दिसेना, घामानं कपडे ओले. शेतकऱ्यानंच गाडी करून अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पण पोलीस येतील या भीतीनं तो नीट काही सांगत नव्हता, आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ही एकच बाटली सापडली. हे सगळं भाभींनी दारातच सांगितलं. आवाज चढवला नाही. मग म्हणाल्या,

"डाक्टरीण पुसून राहिली, भाऊ. याच्यासंगं आणखी काई होतं का? तिले समजलं पाहिजे म्हणते. त्याच्यावर इलाज हाय म्हणते."

आणखी एक बाटली होती आणि एक पुडी होती. दोन्हींची नावं माझ्या जिभेवर होती. बाटलीचं खोकं माझ्या पाठीमागच्या फळीवर होतं. मी म्हणालो, "नाई भाभी. एवढंच होतं."

त्या क्षणी मी काय विचार केला हे मला अनेकदा आठवून पाहावंसं वाटतं, कारण विचार केला असता तर निदान कारण तरी सापडलं असतं. परवाना जाईल, चौकशी लागेल, असं काहीतरी असेल. पण मला खरोखर आठवतो तो काउंटरवरचा कागद. भाभींना तो दिसू नये म्हणून मी त्यावर हात ठेवला होता.

त्या गेल्या. प्रतिनिधींनी कागदावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले की वरच्या मजल्यावरची खोली घ्या, खालच्यांना इंजिनचा आवाज येतो. मी वरच्या मजल्यावरची उजवीकडून दुसरी घेतली. त्यावर माझं नाव लिहिलं. सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको भाजी घेऊन आली ती हेच ऐकून आली. पिशवी खाली न ठेवता तिनं विचारलं की गादीवाले भाई दवाखान्यात आहेत म्हणे, औषध आपल्या दुकानचं होतं का? मी हो म्हणालो. तीन वस्तू एकत्र मारायला मी सांगितलं होतं, हेही सांगितलं. डॉक्टरांना दुसरी दोन नावं माहीत नाहीत, हेही सांगितलं. भाभी येऊन विचारून गेल्या, एवढं मात्र गाळलं. तिनं पिशवी ठेवली आणि म्हणाली, "गाडी काढा."

स्कूटरवर ती माझ्यामागं बसली. मी दोनदा चुकीच्या गल्लीत वळलो, अकोल्यात जन्मलेला माणूस. वॉर्डात भाई पडले होते. हात पलंगाला बांधलेले, कारण ते नळ्या उपटायचे. भाभी पायाशी बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. डॉक्टरीणबाई तिशीतल्या असतील, डोळे तांबारलेले. मी त्यांना बाहेर बोलावून दोन्ही नावं सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली, मला स्पेलिंग विचारलं, एक नाव ऐकून त्यांचा पेन थांबला.

"हे कालच कळलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कोण यांचे?"

"ओळखीचा," मी म्हणालो.

"दुकानदार," बायको मागून म्हणाली. "यायनंच देलं ते."

बाईंनी मान हलवली आणि आत गेल्या. मला त्यांनी झापलं असतं तर हवं होतं.

भाई वाचले. दहा-बारा दिवसांनी घरी आले. दृष्टी हळूहळू परतली. अधिकारी दुकानात येऊन गेले, नमुने नेले, रजिस्टर पाहिलं. कागदावर माझ्या नावानं काही आलं नाही. मी निःश्वास सोडला, आणि बरोबर त्याच सुमारास भाईंच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मग बोटं वळेनाशी झाली. पेला हातातून पडायचा. पाय ओढायचे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की अशा काही औषधांचा मार दोन-तीन आठवड्यांनी नसांवर येतो. व्यायाम करत राहिलं तर काही परत येईल, किती ते सांगता येत नाही. एक दिवस आधी नावं कळली असती तर हे टळलं असतं का, हे मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. पुढच्या भेटीत पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्या भेटीतही विचारलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "तुम्हाला नक्की कोणतं उत्तर हवंय?" त्यानंतर मी विचारणं सोडलं.

टूरची तिकिटं आली. नागपूरहून विमान, कोलकात्याला बदलायचं, पुढं गुवाहाटी. दसरा झाला होता, निघायला आठ दिवस होते. मी बायकोला सांगितलं की मी टूर रद्द करतोय, आपण जायचं नाही. हे सांगताना मला थोडं बरं वाटत होतं. काहीतरी सोडल्याचं समाधान असतं तसं. ती चादरीच्या घड्या घालत होती. तिनं घडी पूर्ण केली.

"पाप तुमी केलं, त्याचा उपास मी काहून धरू?"

मी तिकिटं टेबलावर ठेवली.

"तुमी नाई गेले म्हणून त्यायच्या बोटात जीव येते का? सांगा ना. येत असन त मी जनमभर नाई जात." मग तिनं दुसरी चादर घेतली आणि खालच्या आवाजात विचारलं, "भाभी दुकानात आल्या होत्या ना?"

तिला कोणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात भाभींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं त्यावरून तिनं ओळखलं, आणि तीन आठवडे वाट पाहिली की मी सांगतो का. मग मी सगळं सांगितलं. काउंटरवरचा कागद, उजवीकडून दुसरी खोली. ती चादर तशीच ठेवून पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली की आधी भाभींना जाऊन सांगा. नंतर कोणी जायचं आणि कोणी नाही ते पाहू.

मी सकाळी गेलो. भाई ओसरीत खाटेवर झोपले होते. अंगणात भाभी रजईला टाके घालत होत्या. थंडीची कामं येऊ लागली होती आणि आता ती सगळी त्यांच्या एकट्यांच्या हातावर होती. मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात अडखळलो. म्हणालो, त्या दिवशी तुम्ही दुकानात आलात तेव्हा…

"मले मालूम हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. सुई थांबली नव्हती. "तुमी बाटलीकडं पाह्यलंच नाई. दुकानदाराच्या हातात बाटली देली त तो पह्यले बाटली पाहाते. तुमी माह्याकडं पाहून झूट बोलले."

त्या तिथून थेट वॉर्डात गेल्या होत्या आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या होत्या की दुकानदार खोटं बोलतोय, आणखी काहीतरी आहे असं धरून चाला. बाईंनी तसं धरलं होतं. जे करता येण्यासारखं होतं ते रात्रीपासूनच सुरू होतं. नावं कळल्यावर एक इंजेक्शन तेवढं बदललं.

हे ऐकून मला रडू आलं. माझा एक दिवस भाभींनी भरून काढला होता, हे एक. आणि ही गोष्ट त्यांनी पोलिसांना, गावाला, कोणालाच सांगितली नव्हती, हे दुसरं. मी विचारलं, मग तुम्ही कोणाला बोलल्या का नाही? त्यांनी दोरा दातानं तोडला.

"बोलून काय? पुढच्या साली हेच तुमच्याच दुकानातून औषध घेऊन जातीन. दुसरं दुकान हाय कुठं?" मग त्यांनी ओसरीकडे हात केला. "रडू नोका. यायची कसरत मले जमत नाई, टाके पडून राह्यतात. रोज सकाळी येत जा. अर्धा तास. एक दिवसही चुकवाचा नाई, डाक्टरनीनं सांगितलं हाय."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही मागितली नाही. घरी येऊन मी बायकोला हे सांगितलं. एक दिवसही चुकवायचा नाही, हे ऐकून तिनं मान हलवली आणि माळ्यावरची बॅग काढून द्यायला सांगितली. ती जाणार होती. अमरावतीचं एक दुकानदार जोडपं तिच्या ओळखीचं होतं, त्यांच्या सोबतीनं. मला एकाच वेळी दोन काळज्या लागल्या: ती एकटी कशी जाईल ही, आणि ती माझ्याशिवाय आनंदात राहील ही. दुसरीची मला लाज वाटली. प्रतिनिधींना कळवलं तेव्हा ते म्हणाले की सर, जोडीची टूर आहे, बरं दिसत नाही. मी म्हणालो की माझं काम आहे. काय काम ते त्यांनी विचारलं नाही.

नागपूरच्या विमानतळावर तिनं बॅग माझ्या हातातून घेतली आणि मागं न पाहता आत गेली. मग परत आली, मला वाटलं काही विसरली. म्हणाली, "सकाळची वेळ चुकवू नोका," आणि गेली.

व्यायाम सोपा होता आणि अवघड होता. स्पंजाचा चेंडू हातात द्यायचा, बोटं एकेक करून वळवायची, उलगडायची, मनगट फिरवायचं. पहिल्या दिवसांत भाई माझ्याशी बोलत नसत. त्यांना सगळं माहीत होतं की नव्हतं, मला कळत नव्हतं. भाभींनी सांगितलं असेल असं धरून मी जायचो. त्यांची बोटं गार असत, आणि मी ती हातात घेतली की मला वाटे, आता ते हात ओढून घेतील. ओढून घेण्याएवढा जोर त्या हातांत नव्हता, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही.

बोटीवर फोन लागत नसे. दुसऱ्या रात्रीनंतर, सकाळी, मी भाईंच्या ओसरीतच असताना तिचा फोन आला. बोट एका गावाला लागली होती. मागं माणसांचा गलका होता. मी विचारलं की उलट्या झाल्या का, जेवण कसं आहे, अमरावतीच्या त्या बाई सोबत झोपतात ना. ती म्हणाली, सगळं बरं आहे. नदीचं काही विचारायचं मला सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही. तिनंच विचारलं, कुठं आहात? मी सांगितलं.

"फोन द्या भाईले," ती म्हणाली.

मी फोन त्यांच्या कानाला लावून धरला. ती काय बोलत होती ते मला नीट ऐकू येत नव्हतं, नुसता तिचा आवाज, घाईघाईतला, न थांबणारा, जसा मी गेल्या काही वर्षांत ऐकला नव्हता. भाई डोळे मिटून ऐकत होते. मधूनच "हौ", "अच्छा", "मंग?" म्हणत होते. भाभी सुई हातात धरून दारात येऊन थांबल्या. एका ठिकाणी भाई मोठ्यानं हसले, खोकला येईपर्यंत हसले. दवाखान्यातून आल्यापासून ते असे हसले नव्हते, हे भाभींच्या चेहऱ्यावरून कळलं.

"काय म्हणे?" मी विचारलं.

भाईंनी मान हलवली. अजून तोंडावर हसू होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

"तुमाले नाई सांगाचं म्हणते वैनी," ते म्हणाले. मग माझा हात त्यांनी कोपरानं बाजूला सारला, फोन दोन्ही तळव्यांच्या मध्ये दाबून स्वतः धरला, आणि तिला म्हणाले, "हां, बोला. आता आयकू येऊन राह्यलं."